हात काळे होतील म्हणून?

गेल्या रविवारी संध्याकाळी लिफ्टच्या दाराशेजारी नोटीस लागली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या आवारात वाहनांची दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास रु. ५००/- दंड आकारण्यात येईल. हुकुमावरून." आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट, गाड्या असतील वीस-बावीस, आणि त्यांतली मालकाच्या हाताने दुरुस्त होणारी गाडी एकच. माझी. म्हणजे 'सर्व सभासद' हे आपलं शोभेपुरतं. नोटीस मला एकट्याला होती. नावच घालायचं ना सरळ!

बरं, मी दुरुस्ती तरी काय करत होतो? इंजिन ऑईल बदलत होतो. सकाळी नऊची वेळ, गाडी स्टँडवर, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी. सेक्रेटरी काका दूध घेऊन येत होते, ते थांबले. वाकून बघितलं. "अहो, तुमच्यासारख्या माणसाने असं गाडीखाली झोपायचं? गॅरेजवाल्याला बोलवायचं ना!"

आता गंमत बघा. गॅरेजवाल्याने येऊन त्याच जागी, त्याच पुठ्ठ्यावर तेच काम केलं असतं तर नोटीस लागली नसती. गेली कित्येक वर्षं एक पोरगा आमच्या पार्किंगमध्ये येऊन बॅटऱ्या बदलतो, पंक्चर काढतो, एकदा तर त्याने कुणाचा तरी सायलेन्सर काढून ठेवला होता दिवसभर. कुणाची काही हरकत नव्हती. म्हणजे काम खटकलं नाही, काम करणारा खटकला. इथे माझं डोकं फिरलं.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने वर्षातून एकदा तिची साधी सर्व्हिस स्वतःच्या हाताने करावी. ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, बॅटरीची टर्मिनल्स, एवढंच. पैसे वाचतात, पण त्यासाठी नाही. जी वस्तू आपण सात-आठ लाखांना घेतो आणि जिच्यात बायकापोरांना बसवून घोडबंदरच्या घाटातून नेतो, तिचं बॉनेट उघडायची आपल्याला भीती वाटते, ही भीती घालवण्यासाठी.

मला हे कळलं ते उशिरा, आणि फुकट नाही कळलं.

१० जुलै २०१८. त्या आठवड्यात जे वसई-नालासोपारा-विरारमध्ये होते त्यांना वेगळं काही सांगायला नको. रेल्वेचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वीज बंद, मोबाईल एकेक करून मान टाकत चाललेले. आमच्या पार्किंगमध्ये पाणी गुडघ्याच्या वर. गाड्या म्हशींसारख्या डुंबत उभ्या. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे एक काका खाली उतरले, दार उघडलं, सीटवरचा चिखल पुसला आणि देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. खट्ट असा एक आवाज आला. एकच. नंतर कळलं की कनेक्टिंग रॉड वाकला. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन जोरात वर येतो, पाणी हटत नाही, मग वाकतं ते लोखंड. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घेतलेलं नव्हतं म्हणून विमा कंपनीने हात वर केले. काकांच्या गाडीचं अख्खं इंजिन उतरवावं लागलं.

काकांच्या मागोमाग मीही चावी घेऊन निघालोच होतो. दारात बाबांनी अडवलं. बाबांची सगळी नोकरी गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात लेथ मशीनवर गेली. आयुष्यात स्वतःची गाडी कधी नव्हती, स्कूटरसुद्धा सेकंडहँड. ते हाफ पँटवर खाली आले, बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, "चावी लावू नकोस. आधी हवेचा डबा उघड." मी विचारलं, तो कुठे असतो? बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. चार क्लिपा होत्या. हातानेच निघाल्या, पाना-बिना काही लागला नाही. आतला कागदाचा फिल्टर खालच्या बाजूने ओला होता. मग डिपस्टिक काढून ऑईलचा रंग बघितला. दुधाळ नव्हतं, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि गाडी तशीच ठेवली. तीन दिवसांनी टो करून नेली. आतलं पाणी काढलं, ऑईल बदललं, गाडी चालू झाली. आजही तीच चालवतोय.

चार क्लिपा! मी तेव्हा बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होतो. रात्री तीन वाजता दुसऱ्या खंडातला सर्व्हर कोसळला तर हजारो ओळींचे लॉग वाचून कारण शोधून काढणारा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला श्वास घ्यायचं नाक कुठे आहे ते ठाऊक नाही. लाज वाटली. अजून वाटते.

तरी शहाणपण लगेच आलं नाही हो. पुढची दोन वर्षं मी इमानदारीत गाडी सर्व्हिस सेंटरला देत राहिलो. (कुठल्या ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, तुमचंही तसंच असणार.) तिथे काचेमागे सोफा, मशीनची कॉफी, भिंतीवर टीव्ही. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा टॅबलेट घेऊन येतो आणि हॉटेलातल्या वेटरसारखा मेन्यू वाचतो. "सर, इंजेक्टर क्लीनिंग करून घेऊ? थ्रॉटल बॉडी? इंजिन फ्लश? उंदरांसाठी स्प्रे? एसी डिसइन्फेक्शन?" आपण मान डोलवत राहतो. नाही म्हटलं आणि उद्या हायवेवर बंद पडली तर! बिल झालं साडेअकरा हजार. घरी येऊन ओनर्स मॅन्युअल काढलं. हो, ते प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेलं पुस्तक. त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. माझ्या बिलातल्या अर्ध्याहून जास्त ओळी त्या तक्त्यात कुठेच नव्हत्या.

मग पुढच्या वेळी मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. टेस्ट लिहिली. बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका एअर फिल्टरवर, एसीच्या फिल्टरवर आणि ऑईल फिल्टरच्या बुडाला. गाडी परत आली. बिलात तिन्ही नवीन. ऑईल फिल्टर खरंच नवा होता, एअर फिल्टरही. एसीच्या फिल्टरवर माझा लाल ठिपका जसाच्या तसा. पैसे मात्र नव्याचे. जाऊन विचारलं तर मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये एंट्री चुकली असेल." सिस्टीममध्ये! अरे बाबा, सिस्टीमच्या नावावर लोकांना टोलवणं हाच तर माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मलाच?

सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाही. त्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं, आत काम करणाऱ्या मेकॅनिकला एका गाडीला मोजकी मिनिटं मिळतात आणि मालक काचेपलीकडे कॉफी पीत बसलेला. ज्याला काय झालं ते कळत नाही आणि बघायचंही नाही, त्याच्यासाठी कोण कशाला मरमर करेल? माझ्या कोडचा रिव्ह्यू कोणीच करणार नाही हे मला माहीत असेल तर मी कसा कोड लिहीन ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता सेक्रेटरी काकांच्या "तुमच्यासारख्या माणसाने" कडे येऊ. माझं खरं भांडण या वाक्याशी आहे. दसऱ्याला आमच्या पार्किंगमध्ये काय थाट असतो! गाड्या धुतलेल्या, झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. खंडेनवमीला बाबा घरातला पाना, पक्कड, हातोडी पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. पण दुसऱ्या दिवशी तोच पाना त्यांच्या हातात असायचा. आपण हार घालून मोकळे होतो आणि पान्याला हात लावायला दुसरा माणूस बोलावतो. हत्याराची पूजा करायची पण हत्यार चालवणारा खालचा समजायचा, हा आपला जुना रोग आहे. जातीतून आलेला आहे, उगाच गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. काळ्या हातांचं काम ते कमी प्रतीचं काम. मी गाडीखाली झोपलो तेव्हा काकांना घाण दिसली नाही, माझं घसरलेलं स्टेटस दिसलं. आणि नेमका हाच विचार मी बाबांबद्दल शाळेत असताना केलेला आहे. मित्र घरी आले की बाबांनी ऑईलचे हात धुऊनच बाहेर यावं असं मला वाटायचं. असो.

तुमच्यातले काही जण आता हिशोब मांडतील. "माझ्या एका तासाची किंमत इतकी, मग मी ऑईल का बदलू?" हा युक्तिवाद मला ऑफिसात दर आठवड्याला ऐकू येतो. अहो, रविवारच्या सकाळच्या तासाला तुम्हाला कोण पैसे देतंय? तो तास तुम्ही आडवे पडून मोबाईल बघण्यात घालवणार आहात. मीही तेच करायचो. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर रोज लोंबकळत जाणाऱ्या माणसाला वेळेची किंमत कळत नाही असं कुणी सांगू नये. सर्व्हिस सेंटरला गाडी सोडा, रिक्षाने परत या, दुपारी फोनची वाट बघा, संध्याकाळी पुन्हा जा, बिलावर हुज्जत घाला, याचा तास धरलात का कधी? मला आता ऑईल बदलायला सव्वा तास लागतो. पहिल्यांदा पाच तास लागले होते, तो भाग वेगळा. :)

दुसरा आक्षेप, "आताच्या गाड्या कॉम्प्युटराइज्ड असतात." मान्य. चेतक आडवी पाडून प्लग पॉलिश पेपरने घासणारी, मग तो फुंकून परत बसवणारी आमच्या वडिलांची पिढी वेगळी आणि प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर रस्त्याच्या कडेला खोलून बसणारे टॅक्सीवाले वेगळे. ते यंत्र उघडं होतं. पण जे म्हणतात की कॉम्प्युटर आला म्हणून आता आपल्याला जमणार नाही, ते दिवसभर करतात काय? कॉम्प्युटरवरच काम करतात ना! गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं. हजार रुपयांच्या आत ब्लूटूथचा एक ठोकळा मिळतो, तो तिथे खोचला की गाडी फोनवर बोलायला लागते. माझ्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडी धक्के मारायला लागली. कोड आला पी०३०१. म्हणजे एक नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग की कॉइल की आणखी काही? एक नंबरची कॉइल काढून दोन नंबरला लावली, दोनची एकला. कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता कोड पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे गुन्हेगार कॉइल. आपण रोज बग शोधतो तो याच पद्धतीने शोधतो, फक्त इथे बोटाला चटका बसतो.

आणि हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था होती, हेही लक्षात घ्या. एका ग्राहकाने २०११ मध्ये तक्रार केली, तिच्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड. कशासाठी? अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणी मिळू दिली नाहीत म्हणून. बाहेर काम करून घेतलं की वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं, कोर्ट, तारखा, सगळं रीतसर झालं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि मोबाईलबरोबर गाड्याही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ साली लोकांनी मतदान करून हा हक्क घेतला. आपल्याकडे मात्र सोसायटीच लिफ्टपाशी नोटीस लावते की हक्क नको, ५०० रुपये द्या. कंपनीला काही करायची गरजच नाही.

आता काकांच्या बाजूचा एक मुद्दा, आणि तो बिनतोड आहे. जळकं ऑईल. साधारण तीन-साडेतीन लिटर निघतं माझ्या गाडीतून. ते जर मी पार्किंगच्या गटारात ओतलं तर दंड ५०० नाही, ५००० लावा, मी सही करतो. इथलं गटार खाडीला जातं, आणि वसईच्या पश्चिम पट्ट्यात अजून वाड्या आहेत, विहिरी आहेत. वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. मी ट्रेमध्ये काढतो, फनेलने नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरतो आणि नालासोपाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये नेऊन देतो. तिथल्या उस्तादचा ड्रम अधिकृत रिसायकलिंगवाला उचलतो, मी पावती बघितलेली आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा उस्ताद हसला. त्याचं गिऱ्हाईक तोडून त्यालाच तेल आणून देणारा मी पहिलाच. आता क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, सगळं त्याच्याकडे करतो, त्याच्या बाजूला उभा राहून. तो काय काढतोय, का काढतोय ते मला कळतं आणि मला कळतं हे त्याला कळतं.

हो, ब्रेक मी करत नाही. एअरबॅगच्या वायरिंगला, एसीच्या गॅसला हात लावत नाही. ज्यात चूक झाली तर आपण किंवा रस्त्यावरचा दुसरा माणूस मरेल, ते शिकलेल्याने करावं. आणि एक गोष्ट पाया पडून सांगतो, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. कधीच नाही. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलायला असतो. दोन घोड्या विकत घ्या, सपाट लादीवर लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी हलवून बघा, मग खाली जा. ड्रेनचा बोल्ट उलटा-सुलटा बघून सोडा, नवा वॉशर घाला, आणि आवळताना जोर दाखवू नका. मी दाखवला होता. आटे गेले. ते नीट करायला उस्तादकडेच जावं लागलं, आणि तो पुन्हा हसला.

पुढच्या महिन्यात जनरल बॉडी आहे. मी लेखी ठराव दिलाय. रविवारी आठ ते अकरा, फक्त ऑईल-फिल्टर-बॅटरीची कामं, ट्रे आणि पुठ्ठा सक्तीचा, लादीवर तेल सांडलं तर हजार रुपये दंड. सूचक मी. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

पण परवा, गुरुवारी रात्री साडेदहाला बेल वाजली. सेक्रेटरी काका. त्यांना पहाटे काकूंना घेऊन एअरपोर्टला निघायचं होतं आणि गाडी नुसती टक-टक करत होती. खाली गेलो. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत बुरा धरायला वेळ लागत नाही. आधी निगेटिव्ह सोडवली, मग पॉझिटिव्ह. किटलीभर गरम पाणी, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. काकांना टॉर्च धरायला लावला. दहा-बारा मिनिटांत गाडी चालू. काका खुश. हात पुसता पुसता मी विचारलं, "काका, हे दुरुस्तीत धरायचं का?"

नोटीस अजून लिफ्टपाशीच आहे. ५०० रुपये मी भरायचे की त्यांनी, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.